यशू रडत होती तेव्हा

सासूशी भांडण झालं की दिशा नवलेला दिवसभर बरं वाटायचं.

भांडण म्हणजे काही भांडी आपटणारं नव्हे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दीपा साळवेकडून डबा यायचा, कधी हुलग्याचे शेंगोळे, कधी गरम धपाटी, आणि नेमका त्याच दिवशी सुमनबाईंना उपास निघायचा. सोमवारचा, गुरुवारचा, शनिवारचा, संकष्टीचा. एकदा तर बुधवारी निघाला.

"आई, बुधवारी कसला उपास?"

"बुधवार इठोबाचा आसतो."

"विठोबाला चालतात शेंगोळे."

"त्याला चालत आसतील. मला ढेकरं येत्यात."

मग दिशा मुद्दाम सासूसमोर मांडी घालून बसायची आणि भुरके मारत सगळा डबा संपवायची. बोटं चाटायची. सुमनबाई तोंड फिरवून टीव्ही बघायच्या. आपण या घरातलं एक जुनं घाणेरडं काहीतरी रोज थोडं थोडं खरवडून काढतोय, असं दिशाला वाटायचं, आणि त्यात तिला खरोखरच सुख होतं.

साळवे कुटुंब सावेडीतल्या या घरात वर राहायला आलं तेव्हा सुमनबाईंनी विचारलं होतं, "साळवे म्हंजी? ख्रिश्चन हाईत का ते दुसरे?" नगरमध्ये हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण साळवे दोन्हीकडे असतात. दिशा म्हणाली होती, "माणसं आहेत." तेही तिला नंतर कित्येक दिवस आठवून बरं वाटलं होतं.

दीपा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिचा नवरा भीमराज नांदेडला नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. दोघी एकाच वेळी पोटुशी राहिल्या, एकाच जिन्यावर धापा टाकत बसल्या, आणि वीस दिवसांच्या अंतरानं बाळंत झाल्या. आधी दिशाचा पार्थ, मग दीपाची यशोधरा. यशोधरा एवढं मोठं नाव त्या मुठीएवढ्या पोरीला पेलेना, म्हणून यशू. लसीकरणाला दोघी एका रिक्षात जायच्या. पार्थ सुई टोचायच्या आधी रडायचा, यशू टोचून झाल्यावर, नीट विचार करून.

"माझी विद्यार्थिनी आहे ती," दीपा म्हणायची. "आधी कृती, मग निरीक्षण, मग निष्कर्ष."

दिशा भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. शेतं मोजायची. भावाभावांनी बांधावरून एकमेकांच्या उरावर बसायचं ठरवलं की मध्ये यंत्राची काठी रोवून उभं राहायचं, हे तिचं काम. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पार्थ पाच महिन्यांचा झाला होता. पहिले काही दिवस सुमनबाईंनी त्याला सांभाळलं. पण जुलै लागला, अकोले तालुक्यातल्या त्यांच्या वावरात भाताची लावणी आली, आणि सुमनबाई म्हणाल्या, "मी न्हाई गेले तर तिथं कोन वाकनार हाय? तुजा सासरा बांधावर बसून इड्या वढील नुसत्या." त्या गेल्या. दिशाचा नवरा अमृत एमआयडीसीत कंपनीत, त्याच्या शिफ्टला ना दिवस ना रात्र.

दीपानं रजा वाढवून घेतली होती. ती म्हणाली, "वर दे त्याला. एक काय न दोन काय. रडतील ते एका सुरात तरी रडतील."

तसं सुरू झालं. सकाळी दिशा दूध काढून ठेवायची, दीपा ते बोंडल्यानं पार्थला पाजायची. पार्थ निम्मं प्यायचा, निम्मं गळ्यावर सांडायचा. संध्याकाळी दिशा आली की तिच्या पदराला असा झोंबायचा की दीपा हसायची. "दिवसभर माझ्याकडं हसतो लबाड, आणि तू आलीस की जसं काही मी उपाशीच मारला."

एका गुरुवारी पारनेर तालुक्यात तातडीची मोजणी होती. दोन चुलतभाऊ, मध्ये दीड हात बांध. दिशानं खुणा रोवायला घेतल्या आणि त्यातला थोरला, आप्पासाहेब नावाचा साठीचा गृहस्थ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी बांधावर आडवा झाला. "माज्या अंगावरनं काय ती लाईन न्या." पोलीस येईपर्यंत पाच वाजले. तेवढ्यात दीपाचा फोन आला.

"दिशा, सकाळपासून लाइट नव्हती गं. दूध नासलंय. आणि हा बघ, ऐक."

फोनमधून पार्थचं रडणं आलं. घशातून नाही, पोटातून येणारं. दिशाची छाती भरून दुखायला लागली. इतक्या मैलांवरून नुसत्या आवाजानं दूध उतरतं, हे तिला आई व्हायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

"दहा मिनिटं झाली, असंच चाललंय," दीपा म्हणाली. मग जराशी थांबली. "मी पाजू का?"

"पाज ना. हे काय विचारायचं?"

आणि खरंच, दिशा क्षणभरही घुटमळली नव्हती. जीपमध्ये परत येताना तिला तेच सारखं आठवत होतं. शेजारी ऑफिसातला अजिनाथ बसला होता, त्याला ती म्हणाली, "आज वाचले बघा. माझ्या मैत्रिणीनं पाजलं माझ्या बाळाला. साळवे आहे ती."

अजिनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बरं झालं की मॅडम. दूध मिळाल्याशी कारण."

आडनाव कशाला सांगितलं, हा प्रश्न तिला त्या दिवशी पडला नाही.

घरी पोचायला सात वाजले. दीपाच्या खोलीत पंखा चालू होता, भिंतीपाशी बुद्धाच्या मूर्तीपुढं छोटा दिवा. पार्थ दीपाच्या मांडीवर हातपाय सोडून झोपला होता. ओठ अर्धे उघडे, कोपऱ्यात दुधाचा एक थेंब, आणि पोट तबल्यासारखं टम्म. शेजारी चटईवर यशू आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होती.

"किती प्यायला?"

"रेडकासारखा. दोन्हीकडचं. यशूला फार राहिलं नाही, पण गुणी आहे ती, बोटं चोखत बसली."

दिशानं दीपाच्या खांद्यावर डोकं टेकलं. दीपाच्या अंगाला दुधाचा आंबूस वास येत होता, आपल्या स्वतःच्या अंगाला येतो तसाच.

ती पार्थला घेऊन खाली आली. दार पुढं लोटलं. खांदा बदलताना पार्थ जागा झाला आणि जरासा कुरकुरला. तिनं ओला रुमाल घेऊन त्याचं तोंड पुसलं. परत पुसलं. झबलं बदललं. मग स्वयंपाकघरात गेली, डब्यातून मीठ घेतलं, मोहरी घेतली, देठासकट तीन लाल मिरच्या घेतल्या, मूठ वळली आणि पलंगावरच्या पार्थवरून ओवाळायला लागली.

दिशा दृष्ट काढणाऱ्यातली नव्हती. सुमनबाई दर शनिवारी काढायच्या तेव्हा ती "चालू द्या" म्हणून हसायची. पण लहानपणी आजी तिच्यावरून मूठ ओवाळत जे पुटपुटायची ते सगळंच्या सगळं तिच्या तोंडात होतं, आणि आता ते आपोआप बाहेर पडायला लागलं. आल्यागेल्याची, वाटसराची, भुताखेताची, वांझेची, आणि मग त्या यादीतल्या दोन जाती. नावानिशी. आजी म्हणायची त्याच चालीत, त्याच ठेक्यात.

मिरच्या तव्यावर टाकून ती वळली तर दारात दीपा. हातात कापडी पिशवी.

"लंगोट राहिले होते वर," दीपा म्हणाली.

तव्यावर मिरच्या तडतडत होत्या.

"ताप आहे का त्याला?"

"नाही. असंच. किरकिरत होता."

"बरं."

दीपानं पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गेली. जिन्यावर तिची पावलं मध्येच एकदा थांबली, मग पुन्हा चढू लागली.

दिशा तव्यापुढं उभी राहिली. ठसका आला नव्हता. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट मोठी होती, असं म्हणतात. आणि आपण तेही बघून ठेवलंय, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं मनातल्या मनात ती यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितली. तेवीस वर्षं ती यादी तिच्या तोंडात होती. तिनं ती ऐकली मात्र आत्ता पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्थला वर घेऊन गेली. दीपा यशूला मालिश करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"दीपा, काल जे मी म्हणत होते ना. ते माझ्या आजीचं आहे. मला कळलंसुद्धा नाही मी काय म्हणतेय."

"माहितीय."

"खरंच गं. ते तोंडात बसलंय नुसतं."

"बसलेलंच असतं." दीपानं यशूला पालथं केलं. "आमची छबूआजी पण काढायची दृष्ट. मोठी यादी होती तिची. गावातले सगळे असायचे त्यात, कुंभार, न्हावी, येणारे जाणारे. तुम्ही तेवढे नसायचात. तुमची नजर लागली म्हणायची हिंमत नव्हती तिची, घरात दार लावून सुद्धा."

दिशा रडायला लागली. दीपानं तेलकट हातानं पार्थला तिच्याकडून काढून घेतलं.

"रडू नको. तू रडलीस की मलाच तुझी समजूत काढावी लागते. ऑफिसला जा, उशीर होतोय."

पार्थला दीपानं पुढंही सांभाळलं. पाजलं मात्र नाही. दिशा आता दूध दोन ठिकाणी ठेवायची, एक दीपाच्या फ्रीजमध्ये, एक बर्फाच्या डब्यात. आणि दिशा स्वतःवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायला लागली. दीपाकडं गेली की मुद्दाम तिच्या ताटात जेवायची. दुकानात कुणी "वरच्या त्या" म्हणालं की "माझी मैत्रीण दीपा" असं दुरुस्त करायची. मोबाईलच्या स्टेटसला दोघींचा आणि पोरांचा फोटो ठेवला आणि खाली लिहिलं, 'बहिणीपेक्षा जास्त.'

दीपानं तो बघून विचारलं, "बहिणीला डावललंस का काय? फोन आला असेल तिचा."

"तू पण ना."

"नाही, मैत्रीण आहे ते पुरे म्हणते मी. एवढं जपून वागू नको माझ्याशी. काचेचं भांडं झाल्यासारखं वाटतं मला."

पण हसली ती. महिनाभरात दीपा पूर्वीसारखी हसायला लागली, पूर्वीसारखा डबा पाठवायला लागली, आणि दिशानं मनाशी म्हटलं, गेलं ते. खरवडलं गेलं.

ऑगस्टातल्या एका रविवारी दीपाला पुण्याला बोलावणं आलं. पुरवणी परीक्षेचे पेपर, त्यांची बैठक. भीमराजला रजा नव्हती. दीपा शनिवारी संध्याकाळी खाली आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"यशूला ठेवशील? पहाटे जाते, चारपर्यंत येते. दूध काढून ठेवते पुरेल एवढं."

दिशाला इतका आनंद झाला की तिनं दीपाचे दोन्ही हात धरले. गेला महिनाभर आपण जी परीक्षा देतोय, तिचा निकाल लागला असं तिला वाटलं. मूल ठेवायला दिलं म्हणजे आता काय राहिलं.

रविवारी अमृत सुमनबाईंना आणायला अकोल्याला गेला होता. घरात दिशा आणि दोन बाळं. सकाळ छान गेली. यशूनं बोंडल्यातलं दूध एकही थेंब न सांडता घेतलं. दुपारी दोघं एका गोधडीवर झोपली, यशूची मूठ पार्थच्या गालावर. दिशानं फोटो काढून दीपाला पाठवला. तीन वाजता उरलेलं दूध संपलं. चारला दीपा येणारच होती.

चारला फोन आला. "शिरूरच्या अलीकडं टँकर आडवा झालाय. गाड्यांची रांग लागलीय. यशू कशी आहे?"

"मजेत आहे. तू नीट ये."

साडेचारला यशू रडायला लागली. आधी विचार केल्यासारखं, थांबून थांबून. मग सलग. दिशानं तिला खांद्यावर घेतलं, खिडकीतून गाड्या दाखवल्या, वाटीतलं पाणी चमच्यानं लावून बघितलं. दोघांचं उष्टावण अजून व्हायचं होतं, त्यामुळं दुसरं काही भरवायचा प्रश्न नव्हता. वरचं दूध डॉक्टरांनी दोघांनाही बंद सांगितलेलं. दिशानं खुळखुळा वाजवला. पायावर घेऊन हलवलं. अंगाईचं एक कडवं येत होतं ते वीस वेळा म्हटलं.

त्या आवाजानं पार्थ उठला आणि तोही रडायला लागला. दिशानं यशूला पलंगावर ठेवलं, पार्थला मांडीवर घेतलं आणि पाजायला बसली. एका पायानं ती यशूची गोधडी हलवत होती. "आली हं आई, आली," ती म्हणत होती, "टँकरवाल्या मामाला आपण फटके देऊ." पार्थ घटाघट पीत होता. यशू रडत होती, आणि त्या रडण्यानं दिशाच्या दुसऱ्या बाजूला पान्हा फुटला. ब्लाउज भिजून ओल खाली कमरेपर्यंत आली. तिनं एका हातानं नॅपकिनची घडी केली, आत दाबून धरली, आणि गोधडी हलवत राहिली.

साडेपाचला पुन्हा फोन. "अजून तिथंच आहे गं. रडतेय ना ती? आवाज येतोय मला."

"थोडी रडतेय. मी फिरवतेय तिला. तू काळजी करू नको."

गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. बराच वेळ फोन चालू राहिला.

"हॅलो? दीपा?"

"आहे."

"मी आहे ना इथं. ये तू."

"बरं," दीपा म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा वाजता यशूचा आवाज बसला. तोंड उघडं राहायचं आणि आवाज नुसता खरखरायचा. दिशानं तिला उराशी घट्ट धरलं होतं. पोरगी मान वळवून वळवून तिच्या ओल्या ब्लाउजवर तोंड घासत होती. ती झोपेला आलीय असं समजून दिशा तिला थोपटत राहिली. तिच्या स्वतःच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्या लेकरासाठी तिचा जीव तुटत होता, हे खोटं नव्हतं.

सात वाजता जिन्यात धावती पावलं वाजली. दीपा चपला न काढता आत आली, यशूला ओढून घेतल्यासारखं घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसून पाजायला लागली. यशू आधी पिईनाच. हुंदके देत सोडायची, पकडायची. मग शांत झाली. खोलीत नुसते घोट ऐकू यायला लागले.

"तीन वाजता संपलं दूध," दिशा सांगायला लागली. "सगळं करून बघितलं मी. पाणी लावलं, फिरवलं, खुळखुळा..."

दीपा तिच्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्याकडं नाही, ब्लाउजकडं. एक बाजू पार भिजली होती आणि वरून नॅपकिनचं टोक बाहेर आलं होतं. मग तिनं गोधडीवरच्या पार्थकडं बघितलं. तो पोटभर प्यायलेलं मूल जसं छताकडं बघत गप्पा मारतं तसा गप्पा मारत होता.

"तू पाजलं नाहीस हिला," दीपा म्हणाली.

दिशाचा हात नॅपकिनच्या टोकाकडं गेला.

असं नव्हतं की तिनं ठरवलं होतं. नको वाटलं, किळस आली, भीती वाटली, असलं काही काही नव्हतं. अडीच तास तिनं घरातली प्रत्येक वस्तू त्या पोरीच्या तोंडापुढं धरून बघितली होती.

"मला सुचलंच नाही," ती म्हणाली.

आणि ते शंभर टक्के खरं होतं.

दीपा बराच वेळ यशूच्या केसातून बोटं फिरवत राहिली. "फोनवर मी वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, आता म्हणेल. पाजू का म्हणून विचारेल. मी त्या दिवशी तुला विचारलं होतं."

"तू म्हणायचंस ना गं. मी लगेच..."

"मागून घ्यायचं? दूध?"

दिशानं ओला नॅपकिन ओढून बाहेर काढला.

"नको वाटलं म्हणाली असतीस तर मी भांडले असते तुझ्याशी," दीपा म्हणाली. "कडाकडा भांडले असते, आणि दोन दिवसांनी बोलले असते. सुचलंच नाही, याच्याशी कसं भांडू? कुठं धरू त्याला?"

यशू पिता पिताच झोपली होती. दीपा उठली, चपला तशाच पायात, आणि वर गेली.

दिशा तिथंच बसून राहिली. तिनं स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न केला, मनातल्या मनात. दमले होते. गोंधळले होते. कुणाचंही दुसऱ्याचं मूल असतं तरी सुचलं नसतं. आणि इथं तिला मे महिन्यातलं कोपरगावचं लग्न आठवलं. नणंद मोनिका सगळ्यांबरोबर वर नटायला गेली होती, तिचं तीन महिन्यांचं बाळ पाळण्यात रडायला लागलं, आणि दिशानं गप्पांच्या ओघात, वाक्य न तोडता, त्याला उचलून पदराखाली घेतलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं. एक मिनिट लागलं नसेल.

रात्री अमृत आणि सुमनबाई आले. सुमनबाईंनी लावणीची, पायात भरलेल्या काट्याची हकीकत सांगितली, नातवाला हुंगलं, आणि पिशवीतून तांदूळ काढताना म्हणाल्या, "वरच्या बाईनं संबाळलं व्हय ह्याला? चांगली हाय बिचारी. पर आपलं आपन बरं आन त्यांचं ते बरं."

दिशानं नेहमीसारखं तोंड उघडलं. मग मिटलं. इतकी वर्षं ती या बाईशी भांडत होती, तिच्या उपासांची टिंगल करत होती. सुमनबाईंचं काय ते निदान बाहेर होतं, वारानिशी सांगता येत होतं. ती तांदूळ निवडायला घेऊन बसली.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती पार्थला कडेवर घेऊन जिना चढली. रात्रभर तिनं ठरवलं होतं काय बोलायचं. दीपानं दार उघडलं. तिच्या कडेवर यशू, आवाज अजून बसलेला, पण दिशाला बघून तिनं बोळकं पसरलं. त्या पोरीला कालचं काहीच आठवत नव्हतं.

"आई आल्यात काल," दिशा म्हणाली. "म्हणजे, पार्थला ठेवायची गरज... पण मी त्यासाठी नाही आले. दीपा, मी आज पाजते यशूला. थोडं. रजा टाकते मी अर्धा दिवस. तू बस जरा निवांत."

दीपा तिच्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर दिशाला जरा आधार वाटला असता.

"तिला भूक नाहीये आत्ता."

"मग दुपारी येते."

"दिशा, काल होती भूक." दीपानं यशूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आता तू मला पुरावा द्यायला पाजणार. तिला कशाला साक्षीदार करतेस?"

जिन्यातून खालच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. दिशा पायरीवर उभी होती, एक पाय वर, एक खाली.

"मी पुढच्या महिन्यात कॉलेजला रुजू होतेय," दीपा म्हणाली. "माझी आई येतेय यशूला बघायला. तोपर्यंत तुझ्या सासूबाईंना जमलं नाही तर ठेव पार्थला इथं. त्याचं काय त्यात."

"नको, तुला आता..."

"ठेव म्हणते ना. दूध काढून देत जा." तिच्या ओठाचा एक कोपरा आत ओढला गेला. "आणि कमी पडलं तर मी पाजेन. मला सुचतं. त्याला मी तरी काय करू?"

दिशाच्या कडेवरून पार्थनं कधीच पुढं झेप घेतली होती, दोन्ही हात पसरून, दीपाच्या दिशेनं. दीपानं यशूला एका बाजूला सरकवून त्याच्यासाठी जागा केली.

रिकाम्या कडेनं खाली उतरताना दिशाला पाठीमागं दार लागल्याचा आवाज आला. आपटल्याचा नव्हे, नुसता लागल्याचा.